ओढ्याकडचा तेरडा

ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात माझ्या वहीत तीन कामं न चुकता असतात. गच्चीवरच्या पाण्याच्या नळ्यांची तोंडं साफ करणं, इन्व्हर्टरच्या बॅटरीत पाणी भरणं आणि मागच्या दारच्या पट्ट्याला हात न लावणं. तिसरं खरं म्हणजे काम न करणं आहे, पण मी ते लिहून ठेवते. कारखान्याच्या भांडार विभागात इतकी वर्षं काढल्यावर माणसाची अशीच सवय होते. जे कागदावर नाही ते आहे असं आम्ही मानत नाही.

यंदाही ते लिहिलं आणि दोनच दिवसांत पाऊस आला. चेन्नईजवळच्या आमच्या आवडीला पाऊस उलटा येतो. सगळा महाराष्ट्र छत्र्या वाळवून माळ्यावर टाकतो, तेव्हा आमच्याकडे समुद्राकडून ढग यायला लागतात. दिवाळीचे कंदील प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून टांगायचे, फराळाच्या डब्यांची झाकणं दोनदा तपासायची, मीठ गॅसजवळ ठेवायचं. इथं येऊन पंचवीसच्या वर वर्षं झाली. स्वयंपाकघराच्या भिंतीवर मात्र अजून मराठी कॅलेंडर आहे आणि त्यावर जूनच्या पहिल्या आठवड्यात मृग लागतो. खिडकीबाहेर त्या दिवशी डांबर वितळत असतं. हा विनोद मला बरीच वर्षं विनोदच वाटत होता.

आमच्या मागच्या दारी, पाण्याच्या टाकीपासून कुंपणाच्या भिंतीपर्यंत, बारा फूट लांब आणि नऊ फूट रुंद असा एक पट्टा आहे. तिथं मी काही लावत नाही, तो राखते. लोकांना लावलेली बाग कळते, राखलेली कळत नाही. डेंग्यूच्या तपासणीला पालिकेची बाई येते, ती दर वेळी दारातूनच म्हणते, “काडु मादिरि इरुक्कु मा,” म्हणजे जंगल झालंय की हो. म्हणून मी कडेनं विटा तिरक्या रोवल्या आणि मधून एका पावलाची वाट कापली. विटा आणि वाट दिसली की जंगलाची बाग होते. त्या बाईनंही नंतर फक्त साठलेलं पाणी तपासलं आणि सही करून गेली.

पट्टा राखायचे नियम थोडे आहेत. खत घालायचं नाही, कारण खतानं गवत माजतं आणि फुलांना दाबून टाकतं. पावसाळ्यात कापायचं नाही. बी धरून पडेपर्यंत, म्हणजे इथल्या हिशेबानं फेब्रुवारीच्या अखेरपर्यंत, थांबायचं. मग विळ्यानं एकदाच, घोट्याइतकं उंच ठेवून कापायचं. कापलेलं दोन दिवस तिथंच पडू द्यायचं, म्हणजे उरलेलं बी झडतं. तिसऱ्या दिवशी उचलायचं. उचललं नाही तर माती सुपीक होते आणि सुपीक माती रानफुलांना मानवत नाही.

हे नियम माझे आहेत असं मी पुष्कळ दिवस समजत होते. ते आबांचे आहेत, माझ्या वडिलांचे. त्यांनी ते कधी सांगितले नाहीत, वहीत तर मुळीच लिहिले नाहीत. आमच्या शेताच्या खालच्या अंगाला, ओढ्याकडे, उताराची दगडाळ पट्टी होती. नांगर तिथं वळत नसे, म्हणून ती पडच राहिली. दिवाळीनंतर आबा विळा घेऊन जायचे, एकदाच कापायचे, दोन दिवस गवत तसंच टाकून ठेवायचे आणि मग भारे बांधून आणायचे. मी विचारलं होतं, आजच का नाही आणायचं? ते म्हणाले, “झडू दे की गं. पुढल्या साली काय आणशील मग?”

पुढच्या साली आणायची ती गौर.

आमच्याकडे गौर तेरड्याची. भाद्रपदात ओढ्याकडचा तो उतार तेरड्यानं गुलाबी होऊन जायचा, मधून मधून कुर्डूचे पांढरट गुलाबी तुरे. गौर आणायला घरातल्या मुली जायच्या. तेरड्याची पाच रोपं मुळासकट उपटायची. मूळ तुटता कामा नये. तुटलं तर ते रोप टाकून दुसरं घ्यायचं. उपटून झाली की ओढ्यात मुळं धुवायची, तोंडात पाण्याची चूळ धरायची आणि घरी पोचेपर्यंत बोलायचं नाही, मागं बघायचं नाही. भावांनी दारात उभं राहून थाळी वाजवायची. माझा भाऊ दिलीप माझ्याहून चार वर्षांनी लहान. तो थाळी इतक्या जोरात वाजवायचा की आई म्हणायची, “अरे, गौर आणतायत, वरात नाही!” तोंडात पाणी असल्यामुळे मला हसता यायचं नाही. एकदा नाकातून पाणी आलं होतं. दिलीपला ते अजून आठवतं. दर भाऊबीजेला तो ते सांगतो.

तेरडा फार साधं फूल आहे. पातळ, एकेरी, मागं शेपटीसारखा काटा, हातात घेतलं की दहा मिनिटांत मलूल. त्याची बोंडं मात्र आम्हा मुलींची चैन होती. पिकलेल्या बोंडाला बोट लावलं की ते टप्पकन फुटतं आणि बी चहूकडे उडतं. मोहरीपेक्षा जरा मोठं, गोल, तपकिरी बी. ते बी मी अंधारातही ओळखीन असं मला वाटायचं.

आबा गेले त्यानंतरच्या मार्चमध्ये मी गावी गेले आणि हक्कसोडपत्रावर सही केली. दिलीपला शेताचे प्लॉट पाडायचे होते. हे लिहिताना मला कुणावर खापर फोडायचं नाही. कुणी जबरदस्ती केली नाही. आमच्याकडे बहिणी सही करतात, इतकंच. आत्यांनी केली होती, मावशीनं केली होती. माझं इथं घर आहे, नोकरी आहे, नवऱ्याची पेन्शन आहे. मी प्रवासाची यादी केली, त्यात चौथ्या क्रमांकावर ‘तालुका, सही’ असं लिहिलं आणि पाचव्यावर ‘लोणच्याची बरणी’.

तालुक्याच्या कचेरीत पंखा होता, पण तो साहेबाच्या टेबलाकडे वळवलेला होता. कॅमेऱ्यासमोर बसून फोटो दिला, यंत्रावर अंगठा ठेवला. पहिल्यांदा उमटला नाही, ओल्या रुमालानं पुसून परत ठेवला. साहेबानं मान वर न करता विचारलं, “स्वखुशीनं देताय ना, मावशी?” मी मान हलवली. तो म्हणाला, “तोंडानं बोला.” मी हो म्हटलं.

बाहेर आल्यावर दिलीपची बायको सुरेखा पिशवीतून साडी काढायला लागली. सही केलेल्या बहिणीला साडी द्यायची पद्धत आहे. ती साडी मला नको होती. मी म्हटलं, “साडी राहू दे. मला ओढ्याकडचं बी पाठवा. तेरड्याचं आणि कुर्डूचं. दिवाळीपर्यंत धरतं. तोवर तेवढी पट्टी तशीच ठेवा.”

दिलीप हसला. “एवढंच ना ताई? पोतंभर पाठवतो की!”

शेजारी स्टँपवाला बसला होता, तोही हसला. “बहीण असावी तर अशी,” तो म्हणाला.

ते वाक्य मी चेन्नईपर्यंत जपून आणलं. आगगाडीत दोनदा मनात म्हणून पाहिलं. मला ते आवडलं होतं. आता त्याचीच सगळ्यात जास्त लाज वाटते.

त्या वर्षी दिवाळीनंतर आठवड्याभरात पार्सल आलं. दोन पुड्या, वर्तमानपत्रात बांधलेल्या. एकीत तपकिरी गोल बी, दुसरीत बारीक काळं, चकचकीत. कुर्डूचंच. मी नाकाशी धरून पाहिलं. मातीचा वास आला असं मला वाटलं. वर्तमानपत्राचा आला असणार.

बाहेर तेव्हा पाऊस सुरू होता. आमच्या शेजारी कावेरीअक्का राहतात, तंजावरकडच्या. त्यांच्या घरात मराठीच बोलतात, पण त्यांच्या कितीतरी पिढ्यांत कुणी महाराष्ट्र पाहिलेला नाही. शाळेत तमिळ शिकवायच्या, आता निवृत्त आहेत. भिंतीवरून डोकावून त्या म्हणाल्या, “अगो, ऐप्पसि महिना आहे, इथला पावसाचा. माती भिजली आहे. आत्ताच टाक की.”

मी म्हटलं, “आमच्याकडे मृगाला पेरतात, अक्का. आत्ता पेरलं तर डिसेंबरात फुलेल. मला गौरीला हवंय, भाद्रपदात.”

“पाऊस इथला, माती इथली आणि पंचांग तिथलं काढून बसते. कसं होईल गो?”

“पाणी घालीन. जाळी लावीन.”

“सरि,” अक्का म्हणाल्या आणि आत गेल्या. त्यांच्या ‘सरि’त होकार असतोच असं नाही.

मी बरण्यांवर चिठ्ठ्या लावल्या. तेरडा, कुर्डू, ओढा. निम्मं बी पेरायचं, निम्मं राखून ठेवायचं. मालाचा सगळा साठा कधीही एकदम बाहेर काढू नये, हे भांडारातलं पहिलं तत्त्व.

मृगाच्या दिवशी पहाटे पेरलं. वर हिरवी जाळी ताणली, सकाळ संध्याकाळ झारीनं पाणी घातलं आणि वहीत तारखा टाकल्या. पाचव्या दिवशी तेरडा उगवला. जाड, पाणीदार, लालसर देठ. मी ऑफिसात जायच्या आधी उकिडवी बसून रोपं मोजायची. दुपारी चाळीस अंशांच्या वर जायचं. जूनच्या अखेरीला रोपं मान टाकायला लागली, संध्याकाळी पाणी घातलं की उठायची. मग एके दिवशी उठली नाहीत. कुर्डू वीतभर वाढला आणि जागच्या जागी करपला. जुलैच्या मध्यावर मी जाळी घडी करून ठेवली.

त्या भाद्रपदात मी गौर बसवली ती नेहमीसारखी मुखवट्याची, बाजारातली अबोली घालून. आरती करताना मला एकच वाटत होतं, की माझ्या हातानं मारलं. आबांनी आयुष्यभर झडू दिलेलं, जपलेलं, ओढ्याच्या काठावरनं इतक्या लांब आलेलं बी मी माझ्या हट्टापायी उन्हात भाजून काढलं. नवऱ्याला म्हटलं तर म्हणाला, “अगं, फुलंच ती.” मीच शेत दिलं होतं, मीच बीही घालवलं. दोन्ही वेळी यादी करून, नीट.

त्या उन्हाळ्याभर, आणि पुढच्या पावसातही, मी पट्ट्यातलं बाकी सगळं उपटत होते. हे आता लिहायला हवं. तेरड्याला जागा राहावी म्हणून त्याच्या आजूबाजूला जे उगवेल ते खुरप्यानं काढायचं, असा मी नियम केला होता. आडवातिडवा पाऊस झाला की कुंभा यायचा, पांढऱ्या टोपड्यांसारख्या फुलांचा. इथं त्याला तुंबै म्हणतात. विष्णुक्रांता यायची, निळ्या टिकल्यांची. केना, एकदांडी, आंबुशी. मी बादलीनं उपटून टाकलं. अक्का एकदा ती बादली पाहून चटकन म्हणाल्या, “ते तुंबै शिवाला वाहतात गो. आण इकडे, टाकू नको,” आणि पदरात घेऊन गेल्या. मला तेव्हा त्या थोड्या विचित्र वाटल्या. तण ओंजळीत घेऊन जाणारी बाई.

मागच्या ऑक्टोबरची गोष्ट मग सुरू होते. खरं म्हणजे मला त्या एका मोसमाविषयीच लिहायचं होतं, पण त्याच्या आधीचं सांगितल्याशिवाय तो कळत नाही.

पहिला मोठा पाऊस झाला आणि मी राखलेली निम्मी बरणी उघडली. या वेळी मी कॅलेंडर पाहिलं नाही. भिंतीवरून अक्कांना हाक मारून विचारलं, “आता टाकू का?” त्या म्हणाल्या, “आता टाक. गौरीला नाही मिळणार.” मी म्हटलं, “नको मिळू दे. जगलं तरी पुरे.”

बी जगलं. इतकं छान जगलं की मला झोपताना त्याचा विचार यायचा. ढग, ओली माती, दिवसभर मऊ उजेड. तेरडा भराभरा वाढला. एकदा तीन दिवस वादळाचा पाऊस झाला, रस्त्यावर पाणी, वीज नाही, ऑफिसला सुट्टी. मी रेनकोट घालून मागे जायची आणि रोपं आडवी झालीत का ते बघायची. नवरा खिडकीतून ओरडला, “पाऊस त्यांच्यासाठीच पडतोय, तू कशाला भिजतेस?” मी हसले. त्या दिवसांत मी बरीच हसत असे. पिवळट पानांवर थेंब, मातीवर बारीक गोगलगायी, देठांचा तो लालसर पारदर्शक रंग. सगळं तेच. मी सातवीत असताना जे पाहिलं होतं ते बारा बाय नऊ फुटात परत आलं होतं. शेतात माझं काही राहिलं नव्हतं, पण हे तरी राहिलं, असं मला वाटलं. मी तसं वहीतही लिहिलं. मी असली वाक्यं वहीत लिहीत नाही.

भाऊबीजेला दिलीपचा व्हिडिओ कॉल आला. मी फोनसमोर तबक ओवाळलं, तो नेहमीप्रमाणे स्क्रीनला कपाळ टेकवल्यासारखं पुढं झाला. नाकातून पाणी आल्याची गोष्ट सांगितली. मग म्हणाला, “ताई, फुलं आली का?”

“रोपं आलीत. हातभर झालीत.”

“मग! ओढ्याकडचं बी आहे ते!”

मागून सुरेखा काहीतरी बोलली, तो म्हणाला, “चहा आणते म्हणतेय,” आणि विषय संपला.

डिसेंबरच्या सुरुवातीला पहिली कळी आली. कळी पाहूनच मला कळलं होतं, पण मी आणखी दोन दिवस थांबले. ओढ्याकडच्या तेरड्याची कळी पातळ असते, घडी केलेल्या रुमालासारखी. ही टपोरी, गच्च होती. तिसऱ्या दिवशी ती उमलली. एकावर एक पाकळ्या, गुलाबासारखी भरगच्च, मागचा काटा त्यात कुठं दडला होता तो शोधावा लागत होता. दुसऱ्या रोपावर तशीच. पाचव्यावर, दहाव्यावर. सगळी एका उंचीची, एका ठेक्यात उमललेली, पुडीवरच्या चित्रासारखी. आठवड्याभरात कुर्डूनं तुरे काढले. पांढरट गुलाबी नाहीत. लालभडक मखमली कोंबडे, पंधरा ऑगस्टला कचेरीच्या दारात कुंड्यांतून ठेवतात ते.

दोन्हींचं बी सारखंच दिसतं. रानातलं आणि दुकानातलं, नावही तेच, बीही तेच. अंधारात ओळखीन म्हणणारी मी, उजेडात नाकाशी धरूनही मला ओळखता आलं नव्हतं.

नवरा मागच्या दारी आला आणि म्हणाला, “वा, छान आहेत की! गुलाबासारखी दिसतायत.”

त्यानं चुकीचं काही म्हटलं नव्हतं. ती छानच होती.

मी दिलीपला फोन केला नाही. सुरेखाला केला, दुपारी, तो शेतावर असतो तेव्हा. शेत उरलं नव्हतं तरी तो दुपारी तिकडेच असतो, आता प्लॉट दाखवायला.

“सुरेखा, बी कुठलं होतं गं?”

ती म्हणाली, “वन्सं, तुम्ही मार्चमध्ये सही केलीत. गुढीपाडव्याला जेसीबी आला.”

“पाडव्याला?”

“मुहूर्ताचा दिवस ना. नारळ फोडला, पहिला बकेट ओढ्याकडूनच घेतला. उतार होता, आधी तोच सपाट करावा लागतो म्हणाले. दिवाळीला कुठलं बी धरणार होतं?”

“मग सांगायचं होतं.”

“कुणी सांगायचं? हे म्हणाले, ताईला बी पाठवायचंय, बघ काहीतरी. मी तालुक्याला गेले, बियाण्याच्या दुकानात तेरडा आणि कुर्डू मागितला. त्यानं दिला. चांगला माल आहे म्हणाला. कुठून आणलं हे यांनी विचारलं नाही.” मग तिनं विचारलं, “आली ना फुलं?”

“आली.”

“मग?”

मी काहीतरी रागाचं बोलणार तेवढ्यात तीच म्हणाली, आवाज न चढवता, “वन्सं, माझ्या माहेरी मीपण सही केलीय. तुमच्या आधी दोन वर्षं. मला साडी दिली, मी घेतली. पहिल्या धुण्यात रंग गेला. मी कुणाला फोन नाही केला. तुम्ही फुलं मागितलीत, सगळ्यांना केवढं कौतुक वाटलं तुमचं. मला वाटलं, हे असं मागता येतं हे मला का नाही सुचलं.”

फोन ठेवल्यावर मी पट्ट्यात जाऊन विटेवर बसले. एक हिशेब माझ्या डोक्यातून जात नव्हता. म्हणजे जूनमध्ये मी आबांचा तेरडा मारला नव्हता. भाद्रपदात गौरीपुढे उभं राहून मी ज्या गोष्टीसाठी स्वतःला बोलत होते, ती झालीच नव्हती. ज्या दिवशी मी पुडी नाकाशी धरली त्याच्या कितीतरी आधी तो उतार खाली भरावात गेला होता. मी सुटले होते खरी. पण त्या अपराधात निदान तेरडा तरी माझ्याकडे आला होता. आता तोही नव्हता.

आणि त्याच्यासाठी जागा करायला मी काय उपटलं होतं ते एकेक आठवायला लागलं. कुंभा ओढ्याकडेही असायचा. आम्ही मुली त्याची फुलं उपटून तळाचा गोड थेंब चोखायचो. विष्णुक्रांता बांधावर असायची. केन्याची भजी आई करायची. आंबुशी खाऊन दात आंबायचे. माझ्या मागच्या दारी ही सगळी आपण होऊन, कुणी न पाठवता, कुणाच्या सहीवाचून आली होती, आणि मी ती बादलीत भरून बाहेर टाकली होती. दुकानातल्या बियाला जागा व्हावी म्हणून.

अक्का भिंतीपाशी आल्या. मी त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “आमचं ते गाव आमी पाहिलंच नाही गो. नाव पण नीट ठावं नाही. म्हणून आमाला कोणी काही पाठवत नाही. बरं आहे.” मग तेरड्याकडे बघून म्हणाल्या, “हे देवाला चालेल?”

“चालेल की. फूलच आहे.”

“मग दे दोन.” मी दोन तोडून दिली. त्यांनी ती नेली, पण तुंबै नेली होती तशी पदरात नव्हे, हातात.

फेब्रुवारीत मी पट्टा कापला. घोट्याइतकं ठेवून, दोन दिवस पडू देऊन, तिसऱ्या दिवशी उचलून. नियम नियम असतात. भरगच्च तेरड्याचीही बोंडं टप्पकन फुटतात, त्यात काही फरक नाही. बी चहूकडे उडालं. मी एकही गोळा केलं नाही.

आता परत ऑक्टोबर सरून गेला आहे, तिसरी ओळ परत वहीत आहे आणि पट्टा परत ओला आहे. या वर्षी मी खुरपं लावलेलं नाही. कुंभा आला आहे, थोडा, पूर्वी यायचा तितका नाही. विष्णुक्रांता एका कोपऱ्यात चार टिकल्या. दोन मोसम उपटलं की माती लगेच माफ करत नाही, तिच्यातलं बीही संपत येतं. आणि त्यांच्या मध्ये, भरपूर, तेरडा. जाड लालसर देठाचा, गेल्या साली उडालेला, आपण होऊन आलेला. आता तोही न पाठवता आला आहे, असं कुणी म्हणेल. मला म्हणवत नाही.

परवा भाऊबीज झाली. बाहेर पाऊस, तबकातली ज्योत पंखा बंद करून सांभाळलेली. दिलीप स्क्रीनला कपाळ लावून झाला, नाकातल्या पाण्याची गोष्ट झाली. त्याचे केस मागून पांढरे झाले आहेत. हसताना तो अगदी आबांसारखा डोळे मिटतो.

“ताई, यंदा फुलं?”

“अजून नाही. गेल्या वर्षीचा फोटो पाठवते, थांब.”

मी पाठवला. भरगच्च, गुलाबासारखा, एका उंचीचा तेरडा, मागं आमच्या टाकीचा निळा रंग. तो फोन जवळ धरून बघत राहिला. मी त्याच्या चेहऱ्याकडे बघत होते. मला बघायचं होतं त्याला कळतं का.

“अगदी आपल्या ओढ्याकडच्या गौरी,” तो म्हणाला. त्याचा आवाज जरा ओला झाला होता. “तसाच गं. अगदी तसाच.”

तो खोटं बोलत नव्हता. गौर आणायला मुली जायच्या. तो दारात थाळी वाजवायचा. ओढ्याकडे भाद्रपदात तो कधी आलाच नव्हता, आमच्या हातात जे असेल ते त्यानं लांबून पाहिलेलं. पाडव्याला नारळ कशाच्या डोक्यावर फोडला हे त्याला माहीत नव्हतं. अजूनही नाही. सांगायचं असेल तर मलाच सांगावं लागणार, आणि सांगितलं की पुढच्या भाऊबीजेला तो काय विचारणार? नाकातल्या पाण्याची गोष्ट अर्ध्या मिनिटाची आहे.

“अजून पाठवू का?” तो म्हणाला. “सुरेखा, ताईला बी पाठवायचंय गं!”

सुरेखा त्याच्या खांद्यामागं आली. तिनं माझ्याकडे पाहिलं. मी तिच्याकडे पाहिलं. तिच्या हातात चहाचा कप होता, तो तिनं खाली ठेवला नाही.

“पाठव,” मी म्हटलं.

फोन ठेवला, तबक उचललं, रेनकोट न घालताच मागच्या दारी गेले. पाऊस बारीक झाला होता. पट्ट्यात उकिडवी बसले आणि तेरडा उपटायला लागले. घाईनं उपटला तर देठ मोडतो आणि मूळ मातीत राहतं. बुंध्याशी दोन बोटं धरायची, थोडं हलवायचं, माती सैल झाली की सरळ वर ओढायचं. अक्का भिंतीपाशी येऊन उभ्या राहिल्या, काही विचारलं, मी मान वर केली नाही. तोंडातून शब्द काढला नाही. टाकीच्या नळाखाली मुळं धुतली, माती परत पट्ट्यात जावी म्हणून. मग सगळा ढीग कुंपणाबाहेर नेऊन टाकला.

एकही मूळ तुटलं नव्हतं.